कडीवर कोळी आहे

"माझं एकटीचं अगदी झकास चाललंय! काळजीचं काही कारण नाही!" असं काकू दर रविवारी दुपारी मुलाला फोनवर ठणकावून सांगत. मुलगा तत्काळ विश्वास ठेवी. चार वर्षांत तो घरी फिरकला नव्हता, ती त्या विश्वासाचीच कमाल!

काकूंचं रोजचं व्रत होतं, सकाळी सात ते आठ मौन. शेजारच्या नर्सबाई विचारायच्या, "एरवी तरी तुम्ही कुणाशी बोलता हो?"

"ते आपोआप होतं. हे मी ठरवून करते!"

कुठलाही जीव मारायचा नाही, हेही व्रतच. म्हणून फळांच्या खोक्यातून आलेला उड्या मारणारा कोळी घरातच राहिला. वाटाण्याएवढा, केसाळ, समोर दोन टपोरे डोळे. जाळं विणत बसणं त्याला मंजूर नव्हतं. दिवसभर टेबलावर गस्त घालायचा. काकू जवळ आल्या की गर्रकन वळून बघायचा. त्यांच्याकडे वळून बघणारं घरात तेवढंच एक.

त्या रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल सकाळी पावणेआठलाच आला. नाही उचलला तर पुढच्या रविवारपर्यंत उपास! काकूंनी फोन डब्याला टेकवून उचलला आणि ओठांवर बोट ठेवलं. पण मौनाचं मुलाला ठाऊकच नव्हतं. दुपारच्या फोनमध्ये तो विषय कधी निघालाच नव्हता. तेवढ्यात पडद्यावर हलणारा त्याचा चेहरा कोळ्याला माशीसारखा दिसला असावा. टुणकन उडी, ती थेट कॅमेऱ्यावर!

"आई! तुझ्यासमोर काय आहे ते?"

त्याला दिसलं रेड्याएवढं केसाळ तोंड आणि मागे मुक्याने दोन्ही हात झाडणारी आई. काकू कोळ्याला हळूच हाकलत होत्या, त्यात धक्का लागून फोन धाडकन खाली पडला आणि गप्प झाला.

पाच मिनिटांत दारावर थापा. "काकू! मी नर्स! तुमच्या मुलाने फोन केला! खालच्या सुतारालाही आणलंय! दार उघडा!"

काकू धावल्या. पण कडीवर कोण? कोळी! कडी सरकवली तर चिरडणार. काकूंनी फुंकर मारली. तो पाय रोवून बघत राहिला.

"मौन असलं तरी कडी काढायला काय होतंय यांना?" बाहेर नर्सबाई ओरडल्या.

काकूंनी दाराखालून चिठ्ठी सरकवली. 'थांबा. कडीवर कोळी आहे.'

"अगंबाई! डोक्यावर परिणाम झालाय! काहीबाही लिहितायत!"

"सरका बाजूला," सुतार म्हणाला, आणि त्याने दाराला खांदा लावला. पहिल्या धडकेला कोळी उडून भिंतीवर गेला, दुसरीला दार चौकटीसकट आत आलं!

नर्सबाईंनी आपला फोन काकूंच्या कानाला लावला. मुलगा रडवेला झाला होता. "आई, तिकीट काढलंय. संध्याकाळी पोचतो. आठवडाभर राहीन. फक्त एक शब्द बोल गं!"

घड्याळात आठ वाजले.

काकूंच्या मनात आलं, नुसतं कण्हलं तरी पुरे आहे. किंवा मौनच वाढवावं, त्याची गाडी सुटेपर्यंत. व्रत वाढवायला कुणाची मनाई आहे? पण देवासाठी धरलेलं मौन असं आपल्या सोयीला वापरायचं, हे त्यांना पटेना. 

"कोळी होता रे बाळा."

"कोळी? नुसता कोळी? म्हणजे तू बरी आहेस?"

"बरी आहे."

"हुश्श! जीवच गेला होता माझा! मग तिकीट रद्द करतो हं. रजेचंही अवघडच होतं." आणि फोन बंद.

नर्सबाई कामावर पळाल्या. सुतार मोडक्या चौकटीपाशी ओशाळून उभा होता. "माफ करा काकू. उद्या दुपारपर्यंत नवी बसवून देतो."

"उद्या?" काकू एकदम म्हणाल्या. "एवढी कसली घाई? चांगला आठवडाभर लावा! रोज थोडं थोडं करा. चहा मी देत जाईन!"