बेडी आत येणार नाही

'टूंऽऽ' करून चौकट केकाटली आणि हवालदार जागीच थबकले.

कोर्टाच्या दारातली ही धातू हुडकणारी चौकट नवीनच होती. राज्य सरकारने यंदा कोर्टाच्या सुरक्षेसाठी अनुदान दिलं, त्यातून चौकट आली, सामान तपासायचं यंत्र आलं आणि त्यांच्याशेजारी उभा राहायला एक पहारेकरीही आला. त्याच सरकारने कैद्यांच्या बंदोबस्तासाठी पोलीस ठाण्याला वेगळे पैसे दिले, त्यातून नव्याकोऱ्या बेड्या आल्या. त्यातल्याच एका बेडीत आत्ता हवालदारांचं डावं मनगट आणि काडी नावाच्या मोबाईलचोराचं उजवं मनगट सुखाने नांदत होतं.

मागच्या तारखेला गाडीत डिझेल नव्हतं, म्हणून काडी कोर्टात पोचला नव्हता. न्यायाधीशबाई भडकल्या. साहेबांनी हवालदारांना समोर उभं करून सांगितलं, "पुढच्या वेळी आरोपी हजर नसला तर तुम्ही निलंबित!" बायकोनेही आज निघताना बजावलं होतं, "घरी बसायला आलात तर भांडी तुम्ही घासायची." निवृत्ती तोंडावर आलेली. हवालदार आज दोनदा देवाच्या पाया पडून निघाले होते.

"धातूचं सगळं यंत्रात टाका," पहारेकरी म्हणाला.

हवालदार तसे आज्ञाधारक. खिशातली नाणी, पेन, शिट्टी, सगळं त्यांनी उजव्या हाताने पट्ट्यावर टाकलं. शिट्टीच्या दोरीलाच बेडीची किल्ली बांधलेली होती. पट्टा सरकला, दोरी रुळात गुंतली, यंत्र दोनदा खोकलं आणि गप्प झालं. दोघे पुन्हा चौकटीत शिरले. पुन्हा 'टूंऽऽ'.

"बेडी काढा."

"किल्ली यंत्रात आहे."

"मग बेडी आत येणार नाही."

"अरे, यंत्र उघड ना!"

"कंपनीचा माणूस उघडतो. मी हात लावला तर माझी नोकरी जाईल."

"आणि नाही लावलास तर माझी!"

हवालदारांनी पहारेकऱ्याचा फोन मागून घेऊन साहेबांना लावला. "कोर्टाचं दार आपल्या अनुदानात येत नाही, कोर्टाला विचारा," साहेबांनी हात झटकले. कोर्टाच्या कारकुनाला निरोप धाडला. "बेडी आमच्या अनुदानात येत नाही, पोलिसांना विचारा," त्याने परत धाडला. एवढ्यात आतून शिपायाने पुकारा केला. पहिला! तिसऱ्या पुकाऱ्यापर्यंत आरोपी आत दिसला नाही, तर गैरहजेरी लागणार होती.

"मामा," काडी हळूच म्हणाला, "रागावणार नसाल तर एक सांगू?" आणि त्याने बेडीतून हात अलगद बाहेर काढला.

हवालदार बघतच राहिले. "हे... हे कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. ही बेडी जाड्या माणसांच्या मापाची आहे, मामा. तुम्ही एवढ्या प्रेमाने घालता, मला बोलवेना."

दुसरा पुकारा झाला. काडी चौकटीतून गेला. चौकटीने हूं की चूं केलं नाही. हवालदार मागोमाग धावले, तर 'टूंऽऽ'! बेडी त्यांच्या मनगटाला घट्ट होती. पहारेकऱ्याने हात आडवा केला.

"अरे, आरोपी गेला ना आत!"

"त्याच्याकडे धातू नाही. तुमच्याकडे आहे."

बोळाच्या टोकाला डावीकडे न्यायालयाची खोली होती, उजवीकडे मागचं दार. काडी टोकापर्यंत गेला, क्षणभर थांबला आणि उजवीकडे वळला. हवालदारांची बत्तीस वर्षांची नोकरी उजवीकडे वळली होती. डोळ्यांसमोर खरकट्या भांड्यांचा ढीग उभा राहिला. तिसरा पुकारा झाला. मग आत सगळं शांत झालं, आणि ही शांतता काही केल्या संपेना.

बऱ्याच वेळाने बोळातून पावलं वाजली. काडी येत होता, बरोबर कोर्टाचा शिपाई.

"झालं, मामा. कोठडी चौदा दिवसांनी वाढवली. बाईंनी विचारलं, पोलीस कुठे? म्हटलं, दारात अडकलेत, बेडी घातलीय त्यांना." असं म्हणून त्याने हात बेडीत सरकवला.

हवालदारांना भरून आलं. "लेकरा, तुला पळता आलं असतं रे! माझ्यासाठी थांबलास. माझी नोकरी वाचवलीस!"

काडी ओशाळला. "खरं सांगू? आधी मागच्या दाराकडेच गेलो होतो. कुलूप! तेही नवंकोरं, सुरक्षेच्या पैशातलं. हलेना, उघडेना. मग म्हटलं, आलोच आहोत तर हजेरी लावून जाऊ."

हवालदारांचे डोळे जागच्या जागी कोरडे झाले. मग त्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. डाव्या हाताबरोबर काडीचा हातही वर गेला.

"कुणाला नमस्कार करतोय आपण, मामा?"

"अनुदानाला," हवालदार म्हणाले.