दोघांच्या समक्ष माप

ही गोष्ट कोणी खरी मानणार नाही आणि त्याला माझा इलाज नाही; पण एक सुतार सलग एकोणीस दिवस रागावलेला होता. मध्ये झोपायचा, पण तोही रागातच. त्याच्या घोरण्याने समोरच्या घराच्या कड्या वाजायच्या.

निमित्त एका दाराचं. निवृत्त हेडबाईंच्या भिंतीतल्या कपाटाला मिस्त्रींनी दार केलं आणि ते बसेना. “दार मोठं झालंय,” बाई म्हणाल्या. “भिंत आखडली असेल!” असं म्हणून मिस्त्री हत्यारं उचलून तडक घरी. तीस वर्षांत त्यांच्या हातचं एकही दार परत आलं नव्हतं, आणि सगळं नाव त्यावरच उभं होतं. बाईंनी छोट्या दाव्यांच्या कोर्टात अर्ज ठोकला.

सुनावणी राहिली बाजूला, आधी न्यायाधीशांचं पत्रच आलं. बायकोने मोठ्याने वाचलं, “काय काय घडलं ते तारखांसकट एका पानात लिहा. त्याची एक प्रत समोरच्याला पाठवा.”

“समोरच्याला? म्हणजे कुस्तीच्या आधी डाव सांगून ठेवायचे?”

“अहो, तिथे जाऊन गोंधळ होऊ नये म्हणून सांगितलंय. त्यांचंही पान तुम्हाला येईलच की.”

मिस्त्रींनी अकरा पानं लिहिली. त्यातली दहा बाईंच्या स्वभावावर होती. बायकोने ती चुलीत घातली आणि उरलेलं पान पाठवलं. चार दिवसांनी तेच पान परत आलं. हेडबाईंनी लाल शाईने सगळ्या वेलांट्या दुरुस्त केल्या होत्या आणि खाली शेरा दिला होता: ‘मुद्दा चांगला. अक्षर सुधारा. दहापैकी साडेतीन.’

मिस्त्रींनी रंधा असा फेकला, की तो दोन फळ्या तासूनच खाली पडला. “माझा जबाब तपासते? मला मार्क देते?”

“साडेतीन म्हणजे काठावर पास झालात,” बायको म्हणाली. “आता पत्रातलं पुढचं ऐका. दोघांनी एकमेकांच्या समक्ष कपाटाचं माप घ्यायचं, एकाच कागदावर लिहायचं आणि दोघांनी सही करायची.”

“घेतो ना! तिच्या नाकासमोर घेतो!”

दुसऱ्या दिवशी मिस्त्री बाईंच्या घरी धडकले. बाई लाकडी पट्टी घेऊन तयारच होत्या. मिस्त्रींनी टेप लावली आणि ते गरजले, “एकतीस! माझ्या वहीत एकतीस, दारही एकतीस. घ्या लिहून!”

बाईंनी शांतपणे पट्टी लावली. “तीस.”

“पट्टी आखडली असेल!”

“मिस्त्री, तुमच्या टेपचं टोक कुठंय?”

टोक तुटून दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून मिस्त्री एकच्या खुणेपासून माप धरायचे आणि शेवटी मनातल्या मनात एक इंच वजा करायचे. कधी चुकले नव्हते. पण या दारासाठी पहिल्यांदा माप घेताना बाईंनी त्यांच्या अंदाजपत्रकातली एक वेलांटी सुधारली होती. डोकं भडकलं आणि इंच वजा करायचा राहून गेला; आजही रागात तेच झालं होतं.

मिस्त्रींचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. आता राग काढायचा कोणावर? बाईंवर काढता येईना, भिंतीवर काढता येईना. शेवटी ते न्यायाधीशांवर चिडले. “असलं पत्र पाठवतात का? नाहीतर भर कोर्टात छाती काढून एकतीस ओरडलो असतो!”

“आणि तीस वर्षांचं नाव तिथेच पुसलं असतं,” बाई म्हणाल्या. “चहा घ्या. घोटभर तरी.”

मिस्त्रींनी चहा रागातच प्यायला. दार खांद्यावर टाकून नेलं, इंचभर कापलं, संध्याकाळी बसवलं. एका बोटाने लागलं. बाईंनी तिथल्या तिथे अर्ज मागे घेतल्याचं लिहून दिलं.

आठवड्याने कारखान्यात एक नवं गिऱ्हाईक आलं. त्याच्यापुढे मिस्त्री फुशारले. “सुनावणीत काय झालं सांगू? न्यायाधीश खुर्चीवरून खाली उतरले! माझी वही डोक्याला लावली! म्हणाले, भिंतच आखडलीय, दार निर्दोष! आणि हेडबाई अशा रडल्या, अशा रडल्या...”

“थापा मारू नका हो, दादा,” गिऱ्हाईक म्हणालं. “सुनावणी झालीच कुठे? मी हेडबाईंचा धाकटा भाऊ. खिडक्या करायच्यात म्हणून तिनेच मला तुमच्याकडे पाठवलंय.”