सातव्या पत्रिकेची मागची बाजू

दहाव्या महिन्यात ऋषीला कागदाची चव कळली. वहीचं पान हाती लागलं की तो ते आधी चुरगळायचा, मग चाखायचा आणि आवडलं तर गिळायचाही. त्यामुळे त्याच्या आईनं, वैभवीनं, एमएस्सीचं गणित वहीत करणं सोडलं होतं. कपाटावर त्याच्याच जावळाच्या पत्रिकांचा गठ्ठा होता. जाड, गुळगुळीत, मागून कोऱ्या. बाळाला फाडता येत नाहीत आणि दूध पाजता पाजता गुडघ्यावर ठेवून लिहिता येतं. तो झोपला की कधी अर्धा तास, कधी दहा मिनिटं, असं करत तिनं तीन आठवड्यांत सात पत्रिकांच्या पाठीवर एक सिद्धता उतरवली आणि त्या गठ्ठ्याच्या अगदी तळाशी लपवल्या.

सोमवारी सकाळी ती स्टुलावर चढली, तर कपाटावर नुसती धूळ.

"बाबा, पत्रिका कुठं गेल्या?"

"वाटल्या," सासरे मधुकरराव पेपरमागून म्हणाले. "दोन दिवस स्कूटर हाणली. चार उरल्या, पिशवीत आहे."

पिशवीतल्या चारही तिच्याच होत्या. दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी. पहिली, पाचवी, सातवी गायब.

"तळाच्या पत्रिका तुम्ही कोणाला दिल्या?"

"वरच्यायवर धूळ बसली होती. देवाले आन् घरच्या माणसायले धुळीची पत्रिका देतेत का? खालून स्वच्छ काढल्या. एक गणपतीले, एक आपल्या भारतीले, एक मामाले."

"मागे लिहिलेलं दिसलं नाही?"

"पत्रिकेच्या मागं कोन पाहते वं?"

संध्याकाळी पाचच्या आत ती सिद्धता पाठवायची होती. एका गणित संस्थेची महिनाभराची उन्हाळी शाळा होती. राहणं-जेवण त्यांचंच, शिकवायला मोठी माणसं आणि तिथून पुढं पीएचडीची वाट. विभागातल्या सरांनी सूचना दाखवली, त्याच दिवशी वैभवीनं अर्ज भरला. 'चारही आठवडे राहू शकाल का?' या प्रश्नापुढं घरात कोणालाही न विचारता 'होय' लिहिलं. अट एकच होती, अर्जदार त्या वर्षी विद्यापीठात शिकत असावा. वैभवीचं हे शेवटचं वर्ष होतं.

"पुढच्या वर्षी जाजो," मधुकरराव आताही म्हणाले. "लेकरू लहान आहे."

"पुढच्या वर्षी मी विद्यार्थिनी नसेन, बाबा."

"मंग त्याच्या पुढच्या वर्षी."

"मी याच वर्षी जाणार," वैभवी म्हणाली आणि देवघरात गेली.

पहिलं पान गणपतीच्या पायाशी होतं. त्यावर हळद-कुंकवाची बोटं, अक्षता आणि सुपारी. सासूबाई, प्रयागबाई, आडव्या आल्या. "देवाले देल्लेलं परत मांगत नाही."

"परत नाही मागत, आई. फोटो काढून राहिली. सुपारी जरा उचला."

प्रयागबाईंनी गणपतीकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं आणि सुपारी उचलली.

पाचवं पान खापरखेड्याला होतं. वैभवीनं थोरल्या नणंदेला, भारतीला, फोन लावला.

"ताई, जावळाच्या पत्रिकेच्या मागे आकडे आहेत ना? त्याचा फोटो पाठवा."

"ते हाऊजीचं तिकीट ना वं? म्या पर्समध्ये जपून ठेवलं. पन साऱ्या घरात एक नाहीतर शून्यच काहून? असं कसं पुकारनार?"

"हाऊजी नाही ताई, माझं गणित आहे."

"मंग बक्षीस कोनाले?"

"मिळालं तर मला."

"वा. घरचाच कार्यक्रम आन् घरालेच बक्षीस," भारती म्हणाली. फोटो मात्र तिनं पाठवला. पहिल्या ओळीवर पेनानं काट मारलेली होती.

राहिलं सातवं पान. ते उमरेडला, प्रयागबाईंच्या थोरल्या भावाकडं, नत्थूजींकडं होतं. दुपारी दीड वाजता त्यांनी फोन उचलला.

"मामाजी, पत्रिकेच्या मागे एक आकृती आहे..."

"पाहिली. सकाळपासून पाहूनच राहिलो. हे कापड कोनं काढलं?"

"मी. पण ते कापड नाही, गणित आहे." प्रश्न असा होता, तिनं समजावलं, की उभ्या-आडव्या पट्ट्या एकमेकींच्या वरून-खालून घातल्या तर त्या सुट्या कधी होणार नाहीत याचा नियम शोधायचा. उभी पट्टी वर असली तर एक, खाली असली तर शून्य. तिचा नियम सोपा होता. प्रत्येक पट्टी एकदा तरी वरून आणि एकदा तरी खालून गेली, की झालं. सातव्या पानावर हा नियम आणि चार उभ्या, चार आडव्या पट्ट्यांचं उदाहरण होतं.

"असन गणित," नत्थूजी म्हणाले, "पन हे टिकत नाही, बाई."

"का?"

"पहिले दोन उभे आन् पहिले दोन आडवे पाहाय. ते चौघं आपसात गुतले. बाकीच्यायच्या मात्र वरूनच जाऊन राहिले. खालच्यायले धरतच नाही. चाळीस वर्ष माग चालवला म्या. असं कापड गिऱ्हाइकाच्या हातात दोन पदर होऊन सुटते."

वैभवीनं कात्री घेतली आणि मधुकररावांच्या हातातला पेपर घेतला.

"अवं, मी वाचून राहिलो ना."

"मागचंच पान घेते, बाबा. मागे कोण पाहते?"

आठ पट्ट्या कापून तिनं फरशीवर आकृतीप्रमाणं गुंफल्या. चांगल्या घट्ट दिसत होत्या. मामाजी चुकले असं ती म्हणणार, एवढ्यात ऋषी रांगत आला, त्यानं वरची एक पट्टी धरली आणि ओढली. चार पट्ट्या एकमेकींत गुंतलेल्या तशाच त्याच्या मुठीत आल्या. उरलेल्या चार फरशीवर निवांत पडून राहिल्या. ऋषीनं मूठ तोंडात घातली.

तीन आठवड्यांचं काम तो चावत होता. वैभवीला रडू यायला हवं होतं. तिनं त्याच्या तोंडातून कागद काढला, त्याचे लाळेनं भिजलेले गाल पुसले आणि त्याची एक पापी घेतली. नियम एकेका पट्टीचा नव्हता, घोळक्याचा होता. कोणताच घोळका बाकी सगळ्यांच्या वरून जाता कामा नये.

"आई, ऋषीला घ्या. पाचपर्यंत मी घरात नाही."

"कुठं चालली?" मधुकररावांनी विचारलं.

"इथंच आहे. पण नाही."

प्रयागबाईंनी नातवाला कडेवर घेतलं आणि त्या वैभवीच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. चारचा चहा झाला नाही. मधुकररावांनी दोनदा कप वाजवला. प्रयागबाई हलल्या नाहीत.

आधीची सहा पानं तशीच चालत होती; पाचला सात मिनिटं असताना तिनं नवं सातवं पान लिहून संपवलं. शेवटी प्रश्न होता, 'कोणाची मदत घेतली?' तिनं लिहिलं, 'नत्थूजी, हातमाग विणकर, उमरेड. ऋषी, वय दहा महिने.' मग भराभर फोटो काढून पाठवून दिलं. पाठवल्यावर लक्षात आलं की घाईत पत्रिकांच्या पुढच्या बाजूही गेल्या होत्या. 'सहकुटुंब सहपरिवार येण्याचे करावे' हे संस्थेला पाच वेळा कळवून झालं होतं.

जावळ पार पडलं. नत्थूजी आले, भारती आली आणि हाऊजी नाही म्हणून जरा खट्टू झाली. दुसऱ्या दिवशी संस्थेचं उत्तर आलं. वैभवीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. निवड झाली होती. जावळाच्या निमंत्रणाबद्दल आभार, समितीला येणं जमलं नाही, बाळाला आशीर्वाद. बाळ सोबत आणता येईल, तळमजल्यावर खोली ठेवली आहे, त्याला सांभाळायला घरचं एक माणूस राहू शकेल.

मधुकरराव घसा खाकरून म्हणाले, "मंग, सांभाळायले कोन जाईन?"

आतून ट्रंक ओढल्याचा आवाज आला. प्रयागबाई लुगड्यांच्या घड्या घालत होत्या.

"अवं, तू? महिनाभर?" मधुकरराव दारात येऊन उभे राहिले. "आन् माझ्या जेवनाचं?"

प्रयागबाईंनी ट्रंकेचं झाकण लावलं, त्यावर बसून कडी घातली.

"पुढच्या वर्षी," त्या म्हणाल्या.