शेवटच्या कडव्याचा प्रयोग

इनागाकी सरांचा प्रयोग कधी फसत नाही, असं इनागाकी सर स्वतःच सांगत. उभी हयात त्यांनी बंदरगावच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. एक परीक्षानळी फुटली नाही की एका मुलाची भुवई जळली नाही! म्हणून त्या दुपारी नगरकचेरीत कुरिहाराच्या टेबलावर गावाचा नकाशा पसरताना त्यांच्या मनात तिळभर शंका नव्हती.

"हा बघ, इस्पितळाच्या टेकडीवरचा खांब. पाच वाजता फक्त या खांबाचे कर्णे माझ्या कॅसेटला जोडायचे. बाकी गावाला रोजची धून. चार मिनिटांचं काम आहे."

कुरिहाराने डोक्याला हात लावला. गावभर खांबांवर बसवलेले कर्णे त्याच्या ताब्यात होते. भूकंप, वादळ, त्सुनामी यांच्या सूचना त्यांवरून द्यायच्या, आणि रोज पाच वाजता मुलांनी घरी परतावं म्हणून एक धून वाजवायची.

"इनागाकी, माझी नोकरी जाईल रे!"

"मार्चमध्ये तू निवृत्तच होतोयस."

"म्हणजे निवृत्त व्हायच्या आधी जाईल!"

"चिझुरूने मागितलंय," सर म्हणाले.

कुरिहाराने डोक्यावरचा हात काढला. मग त्याने नकाशा स्वतःकडे ओढला. "कुठला खांब म्हणालास?"

चिझुरू ही सरांची बायको. टेकडीवरच्या इस्पितळात तिसऱ्या मजल्यावर होती. डॉक्टर आधी महिन्यांच्या भाषेत बोलत, आता आठवड्यांच्या बोलू लागले होते. शाळेत असताना या तिघांचा बँड होता. चिझुरू गिटार वाजवून गायची, सर बेस गिटार वाजवायचे आणि कुरिहारा ड्रम बडवायचा. 'समुद्राकडची उतरण' हे गाणं तिनेच लिहिलेलं. शाळेच्या शेवटच्या वर्षी, शाळेच्या जत्रेत, ते पहिल्यांदा आणि शेवटचं लोकांसमोर वाजलं. तेही अर्धवट! शेवटचं कडवं सुरू होणार, तोच फ्यूज उडाला. शेजारच्या ऑक्टोपसच्या गोळ्यांच्या ठेल्याने आपला तवा त्यांच्याच तारेला जोडला होता. श्रोते गोळे खायला निघून गेले. विजेचा सगळा हिशेब सरांनीच केला होता, फक्त त्यात तवा धरलेला नव्हता. हा प्रयोग मात्र सर मोजत नसत.

"ते गाणं पुन्हा ऐकायचंय, पण कानात इअरफोनची बोंडं घालून नको," चिझुरू म्हणाली होती. "उघड्यावरून, हवेतून यायला हवं. आणि या वेळी शेवटपर्यंत, इनागाकी." लग्नानंतर तिचंही आडनाव इनागाकीच झालं होतं. तरी हाक शाळेतलीच राहिली.

सरावात भरलेली कॅसेट माळ्यावर सापडली. ती वाजवायचं यंत्र कुरिहाराने आपल्या घरून आणलं.

पाचला पाच मिनिटं असताना सरांनी इस्पितळाची खिडकी उघडली. ती वीतभरच उघडायची. रुग्णांच्या काळजीपोटी तिला अडसर बसवलेला होता. चिझुरूच्या उशा त्यांनी नीट केल्या.

"काय चाललंय तुझं? परीक्षेच्या पर्यवेक्षकासारखा येरझारा घालतोयस."

"काही नाही. तू फक्त ऐक."

पाच वाजले.

त्या गाण्याची सुरुवात गिटारच्या एका लांब, चढत जाणाऱ्या सुराने होत असे. शाळेत असताना तो त्यांना भर उन्हाळ्याचा आवाज वाटायचा. पण यंत्राचा पट्टा सैल पडला होता. सूर चढला, मग घसरला, पुन्हा चढला, संपेचना. बरं, घाबऱ्या कुरिहाराने एका खांबाऐवजी सगळे खांब चालू केले होते! आधी टेकडीवरचा कर्णा विव्हळला, मागोमाग धक्क्यावरचा, मग संत्र्यांच्या बागेतला. आवाजाला पोचायला वेळ लागतो, हे सर जन्मभर फळ्यावर लिहीत आले होते. आज ते सगळ्या गावाने एकदम ऐकलं.

"इनागाकी," चिझुरूने विचारलं, "हे आपलं गाणं आहे की भोंगा?"

सरांनी खिडकीच्या फटीला डोळा लावला.

या गावात शंका आली की आधी उंचावर चढायचं आणि मग विचारायचं, असा रिवाज. आणि गावातली ठरलेली उंच जागा म्हणजे इस्पितळाचं आवार! चढावर माणसंच माणसं दिसत होती. सगळ्यांच्या पुढे नव्वदीच्या तोमिए-आजी! डोक्यावर गादीसारखं शिरस्त्राण, पाठीवर आपत्कालीन पिशवी, आणि चाल अशी की खालच्या धापा टाकणाऱ्या तरुणांना लाज वाटावी. मागून दंतवैद्य, आणि त्यांच्या मागून गळ्यात फडकं बांधलेला, अर्धाच दात काढलेला त्यांचा रुग्ण!

"किती मीटरची लाट आहे हो?" कोणीतरी ओरडलं.

तेवढ्यात कर्ण्यांतून ड्रम सुरू झाले.

"लाटेबरोबर ढोल कधीपासून यायला लागले?" तोमिए-आजी कंबरेवर हात ठेवून थांबल्या.

आणि मग चिझुरूचा आवाज आला, सतरा वर्षांच्या चिझुरूचा. थोडा चिरका, घाईतला, श्वास संपला तरी न थांबणारा.

*उतरणीवर ब्रेक दाबू नकोस,*
*समुद्र दिसेपर्यंत तरी नको.*
*तुझ्या सदऱ्यात शिरलेला वारा*
*मला मागे बसून धरता येतो.*

आवारात माणसं उभी होती तिथेच थांबली. कुणी पिशवी खाली ठेवली. दंतवैद्य ओठ हलवत होते. शाळेत ते एक वर्ष मागे होते, गोळे खायला सगळ्यात आधी पळाले होते. सरांनी मागे पाहिलं. चिझुरू छताकडे बघत होती. तिची बोटं चादरीवर गिटारच्या तारा दाबत होती, एकही जागा न चुकता.

दुसरं कडवं संपलं. मधला तुकडा वाजला. आता शेवटचं.

खट्ट!

गाणं तुटलं. मग सगळ्या खांबांवरून कुरिहाराचं खाकरणं ऐकू आलं. "नागरिकहो... आत्ता जे वाजलं ती... चाचणी होती. लाट नाही. तसदीबद्दल क्षमस्व."

त्याच्या मागून त्याच्या साहेबांचा आवाज: "प्रेमगीत? सरकारी कर्ण्यावर प्रेमगीत? आणि तो माइक बंद कर आधी!" धक्क्यावरून आणि बागेतून तेच पुन्हा आलं. "प्रेमगीत... प्रेमगीत..."

चिझुरू हसली. कित्येक आठवड्यांनी हसली, आणि इतकी की उशाशी असलेलं यंत्र टणटणू लागलं. ओनिशी सिस्टर धावत आल्या.

"काय झालं? दुखतंय का?"

"हसली," सर म्हणाले.

"हसल्या?" सिस्टरांनी यंत्राचा टणटणाट थांबवला, तिच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा बसवला आणि जाताना पाठ फिरवून डोळे पुसले.

सरांचा फोन वाजला. "साहेबांनी वायर उपटली रे," कुरिहारा रडकुंडीला आला होता. "आणि यंत्राने फीत खाल्ली. नूडल्स झाल्यात नुसत्या!"

सर दारापाशी सरकले. "हळू बोल. शेवटच्या कडव्याचे शब्द आठवतात तुला?"

"मी ड्रम बडवायचो! शब्दांशी माझा काय संबंध?"

सरांनी फोन खिशात टाकला. चिझुरू मुखवट्याआडून बघत होती. हसू ओसरलं होतं.

"पुन्हा तिथेच तुटलं ना?"

"हो."

"मग तू म्हण."

"मी? बँडमध्ये माझा माइक तू बंद ठेवायचीस!"

"आज चालू आहे," ती म्हणाली. "खिडकीपाशी उभा राहा. हवेतून येऊ दे."

सर खिडकीपाशी गेले. तिच्याकडे पाठ केली, म्हणजे तोंड दिसणार नाही. शेवटचं कडवं त्यांनी सरावात शंभरदा ऐकलं असेल. पण बेस वाजवणारा माणूस बोटांकडे बघतो. एक शब्द आठवेना. मागून तिच्या श्वासाचा आवाज येत होता. सरांनी डोळे मिटले आणि पहिलंच कडवं पुन्हा सुरू केलं, सावकाश, शेवटचं असल्यासारखं.

खालून तोमिए-आजी ओरडल्या, "अगं बाई! भोंगा परत सुरू झाला!" निम्म्या आवाराने पुन्हा पिशव्या उचलल्या.

सर थांबले नाहीत. समुद्र आला, सदरा आला, वारा आला. शेवटची ओळ संपवून ते वळले, तेव्हा चिझुरूचे डोळे मिटलेले होते. मुखवटा धूसर होत होता, स्वच्छ होत होता. ती कुठल्या ओळीला झोपली, ते कळायला मार्ग नव्हता.

सकाळी तिने डोळे उघडले. "इनागाकी, शेवटचं कडवं अगदी जसंच्या तसं म्हटलंस हं."

सरांनी तोंड उघडलं. ते कडवं तिनेच लिहिलेलं. म्हणजे एक तर ती झोपली होती, नाही तर त्यांना सांभाळून घेत होती. 'कसं होतं गं ते?' एवढं विचारलं असतं तरी उलगडा झाला असता. पण आता तेवढंच विचारता येत नव्हतं.

"छान होतं ना?" ते म्हणाले.

"सगळ्यात छान तेच," चिझुरू म्हणाली आणि पुन्हा खिडकीकडे बघू लागली.

पुढच्या आठवड्यात ती गेली.

निरोपाच्या दिवशी उदबत्ती वाहायच्या रांगेत काळ्या सुटातला कुरिहारा सरांच्या कानाशी लागला. "एक विचारू? ते शेवटचं कडवं होतं तरी काय रे? ड्रमच्या आवाजात मला कधी ऐकूच आलं नाही."

सरांनी चष्मा सारखा केला. फळ्यासमोर उभे राहिल्यासारखे ताठ झाले.

"पहिलंच," ते म्हणाले. "तेच पुन्हा होतं."

"मला वाटलंच," कुरिहाराने मान डोलावली. "तुझं चुकणार नाही."