फॉपडूडलचं माहेर

शब्द कुठलाही असो, त्याचं माहेर मी चुटकीसरशी सांगतो! इंग्रजी-मराठी कोशाच्या कचेरीत अकरा वर्षं शब्दांची कार्डं लिहितोय, उगाच नाही! निदान गेल्या महिन्यापर्यंत तरी असंच म्हणत होतो.

त्या रविवारी सासरे घरी आले. निवृत्त हेडमास्तर. हातात जुनी इंग्रजी कादंबरी, पानात बोट.

"जावईबापू, हे फॉपडूडल म्हणजे काय हो?"

मला काय ठाऊक! पण समोर बायको, शेजारी मेहुणी. 'माहीत नाही' हे दोन शब्द माशाच्या काट्यासारखे घशात अडकले.

"जुन्या बोलीतला शब्द," मी ठोकून दिलं. "राजाच्या गाडीपुढे ढोल वाजवत चालायचा, तो मानकरी. कुणाला गौरवायचं असलं की म्हणायचे, फॉपडूडल!"

"वा! अकरा वर्षं वाया नाही घालवलीत!" सासऱ्यांनी वहीत टिपून घेतलं. टिपलं कसलं, माझं मरणच लिहिलं!

तीन आठवड्यांनी संपादकबाईंनी बोलावलं. 'एफ'ची पानं संध्याकाळी छापायला जायची होती, आणि ती बिनचूक गेली की मी सहसंपादक! आमच्याकडे नियम असा, की दोन ठिकाणचे पुरावे जुळले की अर्थ पक्का.

"फॉपडूडलचे पुरावे जुळले बरं का," बाई म्हणाल्या. "एका निवृत्त हेडमास्तरांचं पत्र आलंय, आणि हा एका शाळेच्या वार्षिकातला लेख. ढोल वाजवणारा मानकरी! करा सही."

लेख मेहुणी शिकवते त्या शाळेतला. लिहिणारी मेहुणीच! बाई मला नदीचे दोन काठ दाखवत होत्या, आणि दोन्ही काठांवर पाय सोडून मीच बसलो होतो!

"आलोच," म्हणून धावलो आणि कपाटातला थोरला इंग्रजी कोश ओढला. फॉप म्हणजे मूर्ख. डूडल म्हणजेही मूर्खच. दोन मूर्ख एकत्र नांदले, तेव्हा हे लेकरू जन्मलं. अर्थ, किरकोळ, बावळट माणूस!

बायकोला फोन लावला. "बाईंना खरं सांगू का गं?"

"सांगा की! पण बाबांना कोण सांगणार? काल त्यांनी कॉलनीच्या अध्यक्षांचा सत्कार केला. भरसभेत म्हणाले, 'हे आपल्या कॉलनीचे फॉपडूडल!' काय टाळ्या पडल्या! अध्यक्षांनी दारावर तशी पाटीसुद्धा लावलीय!"

मी फोन ठेवला. सही करावी तर कोश बाटणार, न करावी तर खुर्ची जाणार. शेवटी बाईंपुढे उभा राहून सगळं ओकून टाकलं.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात हो कोशावर!" एवढंच म्हणाल्या. मग कोरं कार्ड सरकवलं. "खरा अर्थ लिहा. वापराचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. आणि सहसंपादकपदाचं पुढच्या वर्षी बघू."

सासऱ्यांच्या घरी जाऊन त्यांनाही सांगितलं. त्यांनी वही उघडली, तो अर्थ खोडला आणि माझ्याकडे इतका वेळ पाहिलं, की मी पाचवीत जाऊन बसलो!

तेव्हापासून 'जावईबापू' बंद. आता अख्ख्या कॉलनीसमोर हाक येते, "या, फॉपडूडल, या!"

परवा दारात खुद्द अध्यक्षांनी हात जोडले. "सासऱ्यांनी माझ्या बरोबरीला बसवलं तुम्हाला! नशीबवान आहात!"

"आहे खरा," म्हणालो. दुसरं काय म्हणणार? वहीतलं खोडता येतं, त्यांची पाटी पितळेची आहे हो!