दहा किलोच्या आत

मास्तरांचा एक ठरलेला शब्द होता: बसवतो. गिऱ्हाईक सव्वा मीटर कापड आणायचं आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट मागायचं. दुसऱ्या कुठल्याही शिंप्याने हात जोडले असते. मास्तर गळ्यातली टेप सरळ करत म्हणायचे, "ठेवून जा. बसवतो." आणि बसवायचे. कॉलरची आतली बाजू भलत्याच रंगाची निघायची, खिसा एकच असायचा, पण शर्ट अंगात बसायचा.

देव माणसाला गुण देतो, तो कुठे वापरू नये हे मात्र ज्याचं त्याने शिकायचं असतं. मास्तरांनी तो कुत्र्यावर वापरला.

कुत्र्याचं नाव गठ्ठू. पिल्लू असताना तो दुकानातल्या चिंध्यांच्या गठ्ठ्यात झोपायचा. आता चार वर्षांचा होता आणि स्वतःच एक गठ्ठा झाला होता. त्याच्या वार्षिक लशीची वेळ घ्यायला मास्तर दवाखान्यात गेले, तेव्हा भिंतीवर नवा फलक दिसला. लस, जंताचं औषध, नखं, कान, सगळं मिळून दहा किलोपर्यंतच्या कुत्र्याला एक दर, दहाच्या वर दुप्पट. मास्तर पैशांत विचार करत नसत, शिलाईत करत. दहाच्या आत म्हणजे दोन पँटी. दहाच्या वर म्हणजे चार.

"आमचा किती होता हो गेल्या वर्षी?" त्यांनी कंपाउंडरला विचारलं.

"अकरा किलो सहाशे."

"महिन्याने आणतो," मास्तर म्हणाले. "बसवतो दहात."

घरी मात्र हे सांगायची सोय नव्हती. बायकोचा गठ्ठूवर जीव होता. त्याच्या भांड्यात दूध-भात कालवताना ती त्याच्याशी जे बोलायची, त्यातलं निम्मं मास्तरांच्या वाट्याला अठरा वर्षांत आलं नव्हतं. म्हणून मास्तरांनी वेगळी शिवण घातली.

"अगं, उद्यापासून गठ्ठूचं खाणं मी बघतो. तू किती करशील?"

बायकोच्या हातातला चमचा तसाच राहिला. मग ती आतल्या खोलीत गेली आणि तिने आईला फोन लावला. "आई, खोटं नाही सांगत. आपण होऊन म्हणाले." पलीकडून सासूबाईंचा आवाज बाहेरपर्यंत आला. "उशिरा का होईना, जावईबापूंना देवाने बुद्धी दिली."

कौतुकाची सवय नसलेल्या माणसाला कौतुक फार लवकर चढतं. चोरीला निघालेल्याच्या गळ्यात कुणी हार घालावा, आणि त्याला तो शोभूनही दिसावा, असं काहीसं झालं.

भांडं अर्ध्यावर आलं, आठवड्याने पावावर. रोज सकाळी दुकान उघडलं की मास्तर आधी गठ्ठूच्या पोटाचं माप घ्यायचे. एकवीस इंच. साडेवीस. वीस. गठ्ठूला तो खेळ वाटायचा आणि तो शेपटी हलवायचा, त्यामुळे अर्ध्या इंचाची चूक धरावी लागे.

पण पोट कापडासारखं गप्प बसत नाही. गठ्ठूने मापाचा खडू खाल्ला. मोरीतला साबण चाटून त्यावरचं नाव घालवलं. एका वकिलाच्या कोटाच्या खांद्यातली गादी काढून खाल्ली. वकील कोट घालून आरशासमोर उभे राहिले तेव्हा त्यांचा डावा खांदा कोर्टात हरल्यासारखा खाली आला होता. संध्याकाळी गठ्ठू भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर जाऊन बसे. त्या महिन्याच्या पानावर फळांच्या टोपलीचं चित्र होतं.

"अहो, हा खातो ना नीट?" बायकोने विचारलं.

"भांडं चाटून पुसून," मास्तर म्हणाले. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"म्हणजे खातोय आणि वाळतोय." तिचा चेहरा उतरला. "मग आत काहीतरी असणार."

तेव्हाच सांगून टाकलं असतं तर भागलं असतं. पण आदल्याच दिवशी सासूबाईंनी आपल्या सगळ्या बहिणींना जावयाचा किस्सा सांगितल्याची बातमी आली होती. एवढ्या मावश्यांना परत कोण समजावणार?

महिन्याने तिघं दवाखान्यात गेले. कंपाउंडरने गठ्ठूला काट्यावर उभं केलं. "नऊ किलो आठशे."

मास्तरांनी छाती भरून श्वास घेतला. दोन पँटी वाचल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी मात्र कार्ड पाहिलं, काटा पाहिला, पुन्हा कार्ड पाहिलं. "जवळजवळ दोन किलो गेले? कधीपासून?"

"महिन्याभरात," बायको म्हणाली. "आणि बाई, साबण चाटतो. खडू खातो. भिंतीकडे बघत बसतो."

"भिंतीकडे?" डॉक्टरीणबाईंनी पेन उघडलं. "खडू, साबण म्हणजे रक्त बघायला हवं."

"किती लागतील?" मास्तरांनी विचारलं. आकडा ऐकून त्यांनी मनात मांडला: एक कोट. ते घाईने म्हणाले, "उकाडा आहे ना हल्ली. पाणी पीत असेल जास्त, म्हणून भूक मरते."

"पाणी जास्त पितो? मग साखरही बघू."

आणखी एक कोट.

"जास्त म्हणजे तसं नाही. पळतो फार. पळून पळून उतरलं असेल."

"बेचैन असतो म्हणजे. थायरॉइड लिहिते."

"नाही हो, एरवी झोपूनच असतो."

"थकवा," डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "पोटाची सोनोग्राफी करून घेऊ."

नवरदेवाचा सूट, आत जाकिटासकट. कंपाउंडर मास्तरांना हळूच म्हणाला, "तुम्ही आता काही बोलू नका."

"खर्चाचं बघू नका, बाई," बायको म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आणि हयगय आमच्याकडून झालेली नाही. यांनी महिनाभर स्वतःच्या हाताने भरवलंय त्याला. पोटच्या पोराचं कुणी इतकं करणार नाही."

"ते दिसतंच आहे. रक्त उद्या सकाळी घेऊ. रिकाम्या पोटी लागतं, तेव्हा आज दुपारनंतर त्याला काहीही देऊ नका. घासभरसुद्धा नाही."

टेबलावर गठ्ठू उभा होता. त्याला यातलं काय कळलं देव जाणे. त्याने मान वळवली आणि मास्तरांचा हात चाटला, तोच भांडं अर्धं भरणारा. बोटाबोटांमधून जीभ फिरवून चाटला, काही राहिलं असलं तर मिळावं म्हणून.

दोन कोट, एक थायरॉइड आणि एक सूट मास्तरांनी सोसला असता. ही एक जीभ सोसवेना.

"बाई, ते सगळं खोडा," ते म्हणाले. "याचा रोग मला ठाऊक आहे. हा उपाशी आहे. मीच ठेवलाय. तो बाहेरचा फलक वाचून."

कंपाउंडर कापूस मोजू लागला. बायकोने मास्तरांकडे पाहिलं. अठरा वर्षांत तिने इतका वेळ सलग त्यांच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्यांवर एक लांब रेघ मारली. "वजन उतरवायला हवंच होतं. पण विचारून, हळूहळू. असं केल्याने जीव जातो मास्तर, कळतंय का? आता दर आठवड्याला आणून दाखवायचं. तपासणीची फी वेगळी." त्यांनी लस भरली. "आजचा दर दहाच्या आतलाच लावते. काटा खोटं बोललेला नाही."

आठवड्याच्या फीचा हिशेब मास्तरांनी पायऱ्या उतरताना केला. तो साडेतीन पँटींच्या पुढे गेला तेव्हा त्यांनी सोडून दिला.

घरी आल्यावर बायको थेट स्वयंपाकघरात गेली. तिने दूध-भात कालवला, पुरेसा आणि वर दोन चमचे. गठ्ठू जेवत असतानाच फोन वाजला. सासूबाई. त्यांचा आवाज नेहमीप्रमाणे खोलीभर होता.

"काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?"

मास्तर भिंतीला टेकून उभे राहिले. आता सगळ्या मावश्यांना कळणार होतं. बायकोने एकदा गठ्ठूकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे.

"काही नाही गं आई. म्हणाल्या, खाण्यापिण्यावर यांचं इतकं बारीक लक्ष आहे, असं माणूस त्यांनी पाहिलं नाही."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. देवासारखी बायको मिळाली, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते खरंही होतं.

"मला वाटलंच होतं," सासूबाई म्हणाल्या. "मग माझं ऐक. माझ्या पथ्याचं इकडे कुणी बघत नाही. मी सोमवारी तुमच्याकडेच येते. माझं खाणं जावईबापूंनीच बघावं."

"ये की," बायको म्हणाली. "तीन महिने राहा." आणि तिने फोन मास्तरांपुढे धरला. "घ्या. आई विचारतेय, सकाळचं किती वाजता वाढता?"