पक्का ना, हबीबभाई?

हबीबभाईंचा कम्प्युटर मी मुका केला. भांडकुदळ होता, पण चांगला बोलता होता बिचारा. मी त्याची वाचा घालवली आणि वर हात झटकून म्हटलं, "झालं बघा काम!"

तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची पोरगी होते. नुकतीच शाळेतून निवृत्त झालेली. निवृत्तीच्या तोंडावर आम्हा मास्तर-मास्तरणींना कम्प्युटरचा कोर्स करायला लावला होता, आणि त्याचं प्रमाणपत्र मी काच बसवून सासूबाईंच्या फोटोच्या वर टांगलं होतं. वर! यावरूनच माझं डोकं किती हवेत गेलं होतं ते समजा.

हबीबभाईंचं दुकान आर्णीला आमच्या भिंतीला भिंत लागून. बी-बियाणं आणि फवारणीची औषधं. सदऱ्याच्या खिशात कायम मूठभर सरकी. बोलताना ती बोटांनी चाळत राहायचे, आणि गोष्ट रंगात आली की एखादा दाणा समोरच्याच्या हातावर ठेवायचे, जसा काही पुरावाच.

कम्प्युटरवर त्यांचा राग फार. जुना बरा चालत होता, पण नवी सिस्टिम टाकली आणि तो गाभण म्हशीसारखा जडावला. सकाळी शटर वर करून ते बटन दाबत, झाडू मारत, लोबानाचा धूर फिरवत, समोरच्या रामभाऊ टेलरकडे चहा पीत, आणि परत येऊन पाहावं तर पडद्यावर ते गोल चाक फिरतंच आहे.

"कापूस म्हनून घेतली बाई, निघाली निस्ती सरकी," ते म्हणत. "सरकी काढून पाहाल तं रुई मुठीत मावंल. बाकी सारा बोजा."

वर त्या सिस्टिमला रोग फार. कोणाचा पेन ड्राइव्ह लागला की व्हायरस. हबीबभाई त्याला अळी म्हणत. ती वर्षंच तशी होती. अळी मारणारं म्हणून बियाणं आलं होतं, तरी अळी काही तालुका सोडून गेली नव्हती. कापूस लावणारे सोयाबीनच्या गोष्टी करत दुकानासमोरून निघून जात. बाहेरची अळी हबीबभाईंच्या हातात नव्हती, म्हणून की काय, आतल्या अळीवर ते तुटून पडले.

आधी यवतमाळच्या कम्प्युटरवाल्याकडून औषध आणलं. महिन्याभरात त्याचा असर उतरला. भाई तक्रार घेऊन गेले तर तो म्हणाला, "औषध चांगलंच आहे चाचा, तुम्ही वेळेवर मारलं नसेल." भाई परत आले ते गुमसुम.

"काय झालं?" मी विचारलं.

"माहंच वाक्य माह्या तोंडावर मारलं त्यानं. सारी उमर मी कास्तकाराले हेच सांगून राह्यलो. आज समजलं बाई, लय झोंबते."

मग त्यांनी घरगुती उपाय सुरू केले. मॉनिटरच्या कोपऱ्याला कामगंध सापळा टांगला, पतंगांना मादीच्या वासानं फसवणारा. त्यात खरंच तीन पतंग अडकले. मला स्वयंपाकातून उठवून नेऊन दाखवले. "पाहा. सिस्टिममधूनच निघाले."

"भाई, ते दिव्यावर आलेले आहेत."

"दिवा कोनाचा? सिस्टिमचाच ना?"

मी करपत्या भाजीकडे पळाले.

पण त्यांची खरी करामत वेगळीच. त्या काळी बीटी कापसाच्या पाकिटासोबत साध्या बियाण्याचं एक लहान पाकीट यायचं. ते शेताच्या कडेनं पेरायचं. त्याला सगळे रेफ्युजी म्हणत. हबीबभाई प्रत्येकाला समजावत, अळीला कडेलाच जेवू घाला. कोणी ऐकत नसे. शेवटी त्यांनी स्वतःच पेरलं, कम्प्युटरच्या पडद्यावर. चारी कडांनी रिकाम्या फायलींची रांग, आणि मधात एकटा बिलाचा प्रोग्राम. फायलींना नावं काय? "हे खा." "हे पन खा." "लाजू नको." "अजून घे."

"अळी आली तं आधी कडेचं खाईल," ते म्हणाले. "पोट भरल्यावर मधात कायले येते?"

जावयालाही इतका आग्रह होत नाही आमच्याकडे.

तरी त्या सिस्टिमची सगळ्यात मोठी खोड म्हणजे ती विचारायची. काहीही करा, आधी सगळा पडदा काळवंडायचा, डोक्यावरून पदर घेतल्यासारखा, आणि मग मधोमध एक चौकट उगवायची इंग्रजीत. इरफाननं, म्हणजे त्यांच्या मुलानं, नागपूरहून फोनवर अर्थ सांगितला, "अब्बा, वो पूछती है, पक्का?"

तेव्हापासून गल्लीत दिवसभर गजर. "हो माय, पक्का!" "आताच तं सांगतलं, पक्का!" "मीच हावो, हबीब! दुसरा कोन येते इथं!"

त्यांच्या बायकोची, झुबेदाभाभींचीही हीच सवय होती. भाई निघाले की ओढणी कपाळापर्यंत ओढून दारात उभ्या. "कुलूप लगाया? पक्का?" "गोली खाई? पक्का?" एकदा भाई यवतमाळच्या एसटीत बसले तर खिडकीखाली जाऊन, "तिकट लिया? पक्का?" कंडक्टर म्हणाला, "भाभी, मी अजून फाडलंच नाही." भाई कपाळावर हात मारून ओरडले, "हो माय, पक्का!" आणि अख्खी एसटी हसली.

सगळं विचारून विचारून करणारी ती बाई, गेली मात्र कोणाला न विचारता. सकाळी छातीत दुखलं आणि दुपारी संपलं. त्यानंतर दोनेक महिन्यांनी ही नवी सिस्टिम आली. या दोन गोष्टी मी कधी शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. कोर्सला तो विषय नव्हता.

इरफान म्हणायचा, "अब्बा, मी येतो, सगळं पुसतो, हलकी सिस्टिम टाकून देतो. ती काहीच विचारत नाही." भाई म्हणायचे, पेरणी होऊ दे. मग फवारणी होऊ दे. मग वेचणी होऊ दे. शेवटी इरफाननं ऐकलंच नाही. येत्या रविवारी येऊन पुसतोच म्हणाला. भाईंचा चेहरा पडला. मला वाटलं, माणूस घाबरला, बिलं जातील म्हणून. मनाशी म्हटलं, कुसुम, रविवारच्या आत आपणच इलाज करू. पुसायची पाळीच नको यायला.

शुक्रवारी भाई नमाजला गेले. जाताना म्हणाले, "बाई, दुकानाकडे लक्ष ठेवजा." मी लक्ष ठेवलं नाही, हात ठेवला. आधी ती कडेची रांग निवडून काढली, दिवाळीची जळमटं काढावी तशी. मग कोर्समध्ये शिकवलेल्या जागी जाऊन सिस्टिमचं विचारणंच बंद करून टाकलं.

भाई आले. पडदा पाहिला. "अरे बाई! तुमी तं रेफ्युजी उपटलं!"

"घाण होती ती."

"घाण? उद्या अळी सरळ मधात घुसंल, मंग?" ते तरातरा बसले आणि पुन्हा पेरायला लागले. "हे खा." "हे पन खा." एका फायलीचं नाव चुकलं, ती पुसली. झटकन गेली. भाई थांबले. बोट तसंच, तोंड अर्धं उघडं. पडदा काही काळवंडेना.

"विचारलं नाई," ते म्हणाले.

"नाही विचारणार! आता कधीच नाही!" मी. फुगून.

त्यांनी आणखी एक पुसली. आणखी एक. मग खिशातली सरकी टेबलावर काढून ठेवली आणि दुपार कलताना होणाऱ्या असरच्या अजानआधीच शटर खाली ओढलं.

दुसऱ्या दिवशी गल्ली गप्प. दुपारी रामभाऊ सुईत दोरा ओवायचं सोडून माझ्या दारात. "बाई, भाई बिमार हायेत का? आज कम्प्युटरले शिव्या आयकू नाई येऊन राह्यल्या."

मी गेले. भाई एक फाईल बनवत होते, पुसत होते आणि थोडं थांबत होते. पुन्हा बनवत होते.

"सकाळपासून पुसून राह्यलो बाई. एकडावही विचारलं नाई तिनं. मी आपलाच म्हनतो, पक्का. पन कोनाले म्हनू?"

मी चष्मा पुसून बसले ते पुन्हा चालू करायला. सापडेना. बंद करायचं शिकवलं त्या दिवशी मी वर्गात होते, चालू करायचं शिकवलं त्या दिवशी हळदीकुंकवाला गेले होते.

रविवारी इरफान सीडी घेऊन हजर. मी दुकानाच्या पायरीवरच त्याला अडवलं. "पुसू नकोस रे बाप्पा. मी तिचं विचारणं बंद करून बसलेय. फक्त बोलती कर."

"काकू, लोक मला हे बंद करायला बोलावतात! चालू करा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच!" हसत हसत तो आत गेला. अब्बा नुसतेच त्याच्या हातातल्या सीडीकडे पाहत होते. इरफानचं हसू विझलं. त्यानं सीडी पिशवीत परत टाकली आणि खुर्ची ओढली.

दोन-चार ठिकाणी दाबलं. बंद करून चालू केलं. चाक फिरत राहिलं. रामभाऊकडचा चहा आला, पिऊन झाला, कप परत गेले. मग भाईंनी "लाजू नको" पुसायला घेतली. पडदा हळूच काळवंडला. मधोमध चौकट आली.

भाई खुर्चीतून अर्धे उठले आणि असे ओरडले की समोर रामभाऊची कात्री कापडात थांबली. "हो माय, पक्का! जीव खाल्ला सकाळपासून!"

इरफान उगाच फोन काढून बाहेर गेला. रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. फोन काही वाजला नव्हता.

मी पदराशी चाळा करत म्हटलं, "भाई, माझं चुकलं. मला वाटलं, ती तुम्हाला त्रास देते."

त्यांनी बाहीनं मॉनिटरवरची धूळ पुसली. टेबलावरची सरकी गोळा करून खिशात टाकली, एक दाणा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले,

"तरास तं देतेच ना, बाई. झुबेदा काय कमी देत व्हती?"